सोलकढी प्यायल्याने मशीन फसत नाही

मुंबई-गोवा महामार्गावरच्या ढाब्यांवर एक सल्ला हमखास ऐकू येतो: घोटभर घेतली असली तर कांदा चावा, वर वाटीभर सोलकढी प्या, कशेडी घाटात पोलिसांनी फुंकायला लावलं तरी मशीन गप्प. खोटं आहे.

कांद्याने झाकला जातो तो तोंडाचा वास. मशीन वास घेत नाही, फुप्फुसातून येणाऱ्या हवेतली दारू मोजतं. ती हवेत उतरते रक्तातून आणि रक्तातली दारू यकृत आपल्या चालीने जाळतं. तिथे कोकमाचं काही चालत नाही. (काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, त्यामुळे उलट आकडा चढतो. घ्या!)

मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. ‘फुंकणारच नाही’ हीही पळवाट नव्हे. सबळ कारण नसेल तर तो नकार कोर्टात तुमच्याविरुद्ध मांडता येतो.

गांजा त्या मशीनवर दिसत नाही, हे खरं. पण नशेत गाडी चालवण्याबद्दलच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये अमली पदार्थही आहेत.

रात्री उशिरापर्यंत ढोसून पहाटे मासळी भरून निघणाऱ्यांनी तर झोपेवरही विसंबू नये.