लघवीतलं प्लास्टिक आणि लघवीतलं प्रोटीन

“मुलांच्या लघवीत प्लास्टिक सापडलं म्हणे, किडन्या गेल्याच समजा!” हे मी फोंड्याच्या बाजारात ऐकलं, शाळेच्या गेटवर ऐकलं, चवथीच्या पंगतीतही ऐकलं. लॅबमध्ये रोज लघवीचे नमुने हाताळणाऱ्याने किती दिवस गप्प बसायचं?

लघवीत सापडतं ते अख्खं प्लास्टिक नव्हे, प्लास्टिकमधून निघणारी बीपीए आणि फ्थॅलेट ही रसायनं. त्यांतला फरक एका ओळीत संपतो. बीपीए कडक पॉलिकार्बोनेटात, म्हणजे पाण्याच्या कितीतरी जारांत. फ्थॅलेट मऊ पीव्हीसीत, रेक्झिनपासून सलाइनच्या नळीपर्यंत. (पेट बाटलीच्या नावातलं ‘टेरेफ्थॅलेट’ यांतलं नव्हे. कितीदा सांगायचं!)

घोळ होतो तो पुढे. लघवीत बीपीए दिसलं याचा अर्थ ते पोटात गेलं होतं आणि किडनीने बाहेर काढलं. यकृत ते पाण्यात विरघळेलसं करतं, किडनी वाट लावते. निम्मं सहा तासांच्या आत जातं. म्हणून तो आकडा फार तर काल-आजच्या खाण्यापिण्याचा. अल्ब्युमिनचं नेमकं उलटं. ते रक्तातलं प्रोटीन, रक्तातच राहायला हवं. भात वेळताना पेज खाली गेली तर काय बिघडलं? शितं पडायला लागली की मात्र वेळणीची भोकं बघायची. बीपीए म्हणजे पेज, अल्ब्युमिन म्हणजे शितं. दोन्ही एकाच बाटलीत मोजतात, एवढ्यावरून लोक दोन्ही एकच समजतात.

मग संबंधच नाही का? आहे, पण केवढा ते बघा. अमेरिकेतल्या २००९-१० च्या सर्वेक्षणातल्या ७१० मुलांवरचा अभ्यास २०१३ साली आला. बीपीए सर्वांत जास्त असलेल्या पाव हिश्श्यातल्या मुलांत, सर्वांत कमी असलेल्यांपेक्षा अल्ब्युमिन क्रिएटिनिनच्या (लघवी किती पातळ हे जोखायला मोजतात तो टाकाऊ पदार्थ) ग्रॅममागे सुमारे ०.९१ मिलिग्रॅमने जास्त. डॉक्टरांच्या भुवया त्याच मापात ३० मिलिग्रॅमच्या पुढे वर जातात. एकेका मुलासाठी हा फरक नगण्य, लाखो मुलांचा विचार करणाऱ्यांसाठी नाही. शिवाय दोन्ही एकाच वेळी मोजलेली, त्यामुळे कशामुळे काय झालं हे त्यातून ठरत नाही. बाटल्या टाकून स्टील घ्या, मीही घेतलंय. गरम पातळभाजी पिशवीत बांधून आणणं तर मला बघवत नाही. पण त्यासाठी किडनीची धास्ती कशाला?

परवा एक वहिनी मुलाचा रिपोर्ट घेऊन आल्या. प्रोटीन एक प्लस, म्हणजे थोडंसं. “जारचं पाणी पितो, त्यामुळेच ना?” मुलगा आदल्या संध्याकाळी तास-दीड तास फुटबॉल खेळलेला, वर अंगात ताप. धावपळीने, तापाने, नुसतं दिवसभर उभं राहूनसुद्धा मुलांत तात्पुरतं प्रोटीन उतरतं. म्हटलं, ताप जाऊ दे, मग उठल्याउठल्याची पहिली लघवी आणा, तीच खरी.

आठवड्याने आणली. कोकम सरबताच्या बाटलीत. डबी देऊन परत पाठवलं.