खोल श्वासाने ऑक्सिजन वाढत नाही, मग नेमकं काय बदलतं?

श्वसनाचे व्यायाम आणि बर्फाळ पाण्यातली डुबकी यांच्या चित्रफिती हल्ली जोडीनेच फिरतात. त्यांतलं एक वाक्य ठरलेलं असतं: 'जोरजोरात खोल श्वास घ्या आणि पेशीपेशीत ऑक्सिजन भरा.' श्वास जोरात घेता येतो, पण पेशींत जास्तीचा ऑक्सिजन भरला जात नाही. आणि हा गैरसमज निरुपद्रवी नाही, कारण त्यापायी निरोगी, पट्टीचे पोहणारे लोक कमरेएवढ्या पाण्यातही बुडतात.

बोटाला ऑक्सिमीटर लावून शांत बसा. निरोगी माणसाचा आकडा साधारण 96 ते 99 येतो. म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या शंभरातल्या 96 ते 99 जागा आधीच भरलेल्या आहेत. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलीलिटर ऑक्सिजन वाहतं. 100 मिली रक्तात 15 ग्रॅम हिमोग्लोबिन धरलं, तर होतात 20 मिली. कितीही भाता चालवला तरी 97 चे 100 होतील, म्हणजे 20 मिलीत जेमतेम 0.6 मिलीची भर. रक्तद्रवात नुसता विरघळलेला ऑक्सिजन 0.3 मिलीच्या आसपास असतो, तोही किंचितच वाढतो. भरलेल्या घागरीवर आणखी पाणी ओतण्याचा हा प्रकार आहे.

जोरदार श्वासाने खरोखर बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण 40 मिलिमीटर पारा असतो, आणि शरीर तो 35 ते 45 च्या पट्ट्यात काटेकोरपणे सांभाळतं. गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर केली की मिनिट-दोन मिनिटांत तो 25 किंवा 20 पर्यंतही उतरतो. शाळेत आपण या वायूला 'टाकाऊ' म्हणून शिकतो, म्हणून तो जितका बाहेर तितकं बरं असं वाटतं. प्रत्यक्षात रक्ताची आम्लता, मेंदूचा रक्तपुरवठा आणि श्वासाची ओढ, तिन्हींची सूत्रं त्याच्या हातात आहेत.

मेंदूच्या धमन्या कार्बन डायऑक्साइड कमी झाला की आकसतात. त्याचा दाब एका मिलिमीटरने घटला की मेंदूकडे जाणारं रक्त अंदाजे तीन टक्क्यांनी कमी होतं. 40 वरून 28-30 वर आलात तर जवळजवळ तृतीयांश प्रवाह गेला. डोकं हलकं होणं, तरंगल्यासारखं वाटणं, डोळ्यांपुढे चमकणं हे सगळं त्यातून येतं. ज्याला 'ऊर्जेचा अनुभव' म्हटलं जातं, त्याचा मोठा भाग म्हणजे मेंदूला कमी पडलेलं रक्त.

उरलेल्या रक्तातला ऑक्सिजनही सहज सुटत नाही. 1904 मध्ये डेन्मार्कचे क्रिस्टियन बोर (अणूची रचना मांडणाऱ्या नील्स बोर यांचे वडील) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. काम करणारा स्नायू हा वायू बाहेर टाकतो, तो पाण्याशी मिळून कार्बॉनिक आम्ल बनतं, त्यातून सुटलेले हायड्रोजन आयन हिमोग्लोबिनला चिकटतात आणि त्याचा आकार बदलतो. त्या बदललेल्या आकारात ऑक्सिजन धरून ठेवणं कठीण जातं. जिथे काम जास्त तिथे आम्ल जास्त, आणि जिथे आम्ल जास्त तिथेच ऑक्सिजन उतरतो. वेगळा पत्ता लिहावा लागत नाही, मागणीच स्वतःचा पत्ता सांगते. शरीरशास्त्रात याहून देखणी रचना शोधून सापडणार नाही. कार्बन डायऑक्साइड उडवून लावला की हीच यंत्रणा उलटी फिरते: हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं. म्हणजे ऑक्सिमीटरवर 99 दिसत असताना पेशींच्या दारात माल कमी उतरतो.

बोटं आणि ओठ मुंग्या येऊन बधिर होतात, क्वचित हाताची बोटं आखडतात, तेही यामुळेच. रक्ताचा सामू (pH) 7.4 वरून 7.5 च्या वर गेला की रक्तातली प्रथिनं जास्त कॅल्शियम बांधून ठेवतात, मोकळं कॅल्शियम घटतं आणि चेता विनाकारण चाळवतात. 'रक्त अल्कलाइन करा, रोग पळतील' असा प्रचार करणाऱ्यांनी ही लक्षणं नीट पाहावीत. रक्त खरोखर अल्कलाइन झालं की मुंग्या, चक्कर आणि आखडलेली बोटं मिळतात. शरीर लगेच सामू पूर्ववत करायला लागतं, कारण तो बदल त्याला नकोच असतो.

आता पाण्याकडे येऊ. श्वास रोखल्यावर जी असह्य ओढ लागते, ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्याची नसते. मस्तिष्कपुच्छातल्या (मेंदूच्या तळाच्या भागातल्या) संवेदी पेशी कार्बन डायऑक्साइडमुळे वाढलेली आम्लता मोजतात, आणि दाब 50 च्या आसपास गेला की ओढ आवरत नाही. ऑक्सिजन मोजणारे संवेदक मानेतल्या धमनीजवळ असतात, पण ते जोरात बोलू लागतात ऑक्सिजनचा दाब 100 वरून 60 च्या खाली घसरल्यावर. शिवाय कार्बन डायऑक्साइड कमी असला तर त्यांचाही आवाज क्षीण होतो.

हिशोब मांडून पाहा. जोरदार श्वसनाने कार्बन डायऑक्साइड 40 वरून 20 वर आणला, तर वायुकोशांतल्या ऑक्सिजनचा दाब सुमारे 100 वरून 125 होतो. फुप्फुसात अडीच लिटर हवा धरली तर जास्तीचा साठा साधारण 80 मिली. विश्रांतीत शरीर मिनिटाला 250 मिली ऑक्सिजन वापरतं, म्हणजे कमाई झाली वीस सेकंदांची. पण श्वासाची ओढ मात्र त्याहून कितीतरी जास्त लांबते, कारण 20 वरून पुन्हा 50 पर्यंत चढायचं आहे. त्या मधल्या काळात ऑक्सिजन गुपचूप संपत जातो. त्याचा दाब 30 च्या आसपास आला की शुद्ध हरपते, आणि त्याआधी गुदमरल्याची भावना येईलच असं नाही. गादीवर असलात तर शरीर आपोआप श्वास घेतं आणि काही सेकंदांत जाग येते. पाण्यात असलात तर तोच आपोआप घेतलेला श्वास पाण्याचा असतो.

म्हणून 30 ते 40 जोरकस श्वास, मग श्वास सोडून रोखणं, मग एक खोल श्वास घेऊन 15 सेकंद थांबणं, अशी नेदरलँड्सच्या विम हॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत करायचीच असेल तर जमिनीवर आडवं पडून किंवा बसून करावी. तलावात, टबमध्ये, शॉवरखाली उभं राहून किंवा गाडी चालवताना कधीही नाही. अपस्माराचे रुग्ण, हृदयरोगी आणि गर्भवती यांनी टाळावी. ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींच्या) तपासणीत झटक्याच्या लहरी उघड व्हाव्यात म्हणून रुग्णाला तीन मिनिटं मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावतात, यावरून काय ते कळावं.

या पद्धतीत काहीच नाही, असंही नव्हे. 2014 मध्ये नेदरलँड्समध्ये प्रशिक्षित स्वयंसेवकांना जिवाणूंच्या आवरणातला एंडोटॉक्सिन हा घटक टोचण्यात आला. त्यांच्यात अॅड्रेनलिन वाढलं, दाहाचे रेणू कमी आढळले आणि तापासारखा त्रासही कमी झाला. पण हे मोजके, तरुण, निरोगी पुरुष होते आणि परिणाम काही तासांचा होता. यावरून संधिवात किंवा कर्करोग बरा होतो असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

रोजच्या सरावासाठी संथ श्वसन जास्त भरवशाचं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. रक्तदाब चढला की मानेतले दाब-संवेदक व्हेगस चेतेमार्फत ठोके कमी करायला लावतात. संदेश जाऊन परिणाम दिसेपर्यंत काही सेकंद जातात, म्हणून या यंत्रणेचा स्वतःचा हेलकावा सुमारे दहा सेकंदांचा असतो. मिनिटाला सहा श्वास घेतले की आपली लय त्याच्याशी जुळते आणि योग्य क्षणी दिलेल्या झोक्याने झोपाळा उंच जावा तसे ठोक्यांचे चढउतार मोठे होतात. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, नाकाने, पाच ते दहा मिनिटं.

यात सर्रास होणारी चूक म्हणजे संथ करताना श्वास अवाढव्य करणं. प्रत्येक श्वासातली सुमारे 150 मिली हवा श्वासनलिकेतच राहते. मिनिटाला 12 श्वास, प्रत्येकी 500 मिली, म्हणजे वायुकोशांपर्यंत पोचतात 4.2 लिटर. सहा श्वासांत तेवढीच हवा पोचवायला 850 मिली पुरतात. दीड-दोन लिटर ओढलीत तर श्वास संथ असूनही कार्बन डायऑक्साइड घटतो आणि चक्कर येते. ती आली तर श्वास लहान करा.

थंड पाण्याची पहिली तीन मिनिटं सर्वांत महत्त्वाची. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्वचेतले शीतसंवेदक (मेंथॉलने जागे होणारे तेच) एकदम चाळवतात आणि इच्छा नसताना दोन-तीन लिटरचा दचकलेला श्वास आत जातो. मग अनावर धाप, वेगाने वाढणारे ठोके आणि चढलेला रक्तदाब. एरवी मिनिटभर श्वास रोखणाऱ्यालाही तेव्हा दहा सेकंद जमत नाहीत. त्यात चेहरा बुडाला तर डुबकीची प्रतिक्षिप्त क्रिया हृदयाला मंद करू पाहते. एकाच वेळी 'पळ' आणि 'थांब' असे दोन हुकूम आले की ठोक्यांची लय बिघडू शकते. दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनी हा धक्का जवळजवळ निम्मा होतो. सरावाचा हा सर्वांत पक्का सिद्ध झालेला फायदा.

बाकी दावे तपासून घ्यावेत. नॉरअॅड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक 530 टक्क्यांनी वाढल्याचा गाजलेला आकडा 14 अंश पाण्यात तासभर बसलेल्यांचा आहे, दोन मिनिटांच्या शॉवरचा नव्हे. 2016 च्या डच प्रयोगात 3018 जणांपैकी थंड शॉवर घेणाऱ्या गटांची आजारपणाची रजा 29 टक्क्यांनी कमी भरली, पण आजारी असल्याचे दिवस तेवढेच राहिले. 30 सेकंद आणि 90 सेकंद यांतही फरक पडला नाही. आणि स्नायू वाढवायचे असतील तर वजनांच्या व्यायामानंतर लगेच थंड पाण्यात बसू नये, त्याने वाढ खुंटते.

सुरुवात नेहमीच्या आंघोळीच्या शेवटी 30 सेकंदांनी करा: आधी पाय, मग हात, पाठ शेवटी, आणि लक्ष लांब उच्छ्वासावर. डुबकी घ्यायची तर एकट्याने नको, उडी नको, पायांनी हळू उतरा, धाप ओसरेपर्यंत काठ सोडू नका. बाहेर आल्यावरही 10 ते 30 मिनिटं शरीराचं आतलं तापमान घसरत राहतं, म्हणून बरं वाटत असलं तरी लगेच गाडी चालवू नये. ओले कपडे आधी काढा, कोरडे होऊन डोकं झाका, बसून गरम पेय घ्या, मद्य नको. कुडकुडणं आलं तर येऊ द्या, ती शरीराची भट्टी आहे. गरम शॉवर मात्र तेव्हा टाळा: त्वचेतल्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात, रक्तदाब कोसळतो आणि माणूस न्हाणीघरातच पडतो.