४,२९,४९,६७,२९७ (संख्या)

४,२९,४९,६७,२९७ (चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव) ही विषम संयुक्त संख्या २^३२ + १ एवढी आहे. ३२ हा २ चाच पाचवा घात असल्याने तिला फ५, म्हणजे पाचव्या क्रमांकाची फर्मा संख्या म्हणतात. क्रमांक शून्यापासून मोजतात. फ० ते फ४ (३, ५, १७, २५७, ६५,५३७) मूळ आहेत, म्हणून अशा सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असे फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६४० मध्ये मानले. स्विस गणिती ऑयलर यांनी १७३२ मध्ये फ५ = ६४१ × ६७,००,४१७ हे दाखवून तो समज मोडला.

अवयव

फ५ चे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे. तिथवर ६,५४२ मूळ संख्या येतात, पण सगळ्यांनी भागून पाहायची गरज नाही: फ५ चा प्रत्येक मूळ अवयव १२८क + १ या रूपाचा असतो (क ही धन पूर्ण संख्या). या यादीतल्या १२९, ३८५ आणि ५१३ संयुक्त आहेत. २५७ ही फ३ आहे, आणि कोणत्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसतो. म्हणजे पहिलाच खरा भागाकार ६४१ चा, आणि तोच नि:शेष जातो.

प्रत्यक्ष न भागताही हे कळते. ६४१ = ५×२^७ + १, म्हणून ५×२^७ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४×२^२८ ची बाकी १. शिवाय ६४१ = ५^४ + २^४ असल्याने ५^४ च्या जागी −२^४ चालते. मग −२^३२ ची बाकी १ येते, अर्थात २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो.

६७,००,४१७ मूळ आहे. तिचा मूळ अवयव फ५ चाही अवयव, म्हणून त्याच रूपाचा असणार; तिच्या वर्गमूळापर्यंत (सुमारे २,५८८) तपासण्याजोग्या तशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, १,१५३, १,४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२.

चाचण्या आणि संगणन

फर्मा यांचीच मूळत्वाची चाचणी (न मूळ असेल तर पायाच्या न − १ व्या घाताला न ने भागून बाकी १ उरते) पाया २ घेऊन लावली तर फ५ मूळ भासते. २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची १, आणि ६४ ने फ५ − १ ला भाग जातो. ही चाचणी २ वर कोणतीच फर्मा संख्या पकडू शकत नाही. पाया ३ घेतल्यास १ ऐवजी ३,०२,९०,२६,१६० बाकी उरते.

संगणकाच्या ३२ बिटांच्या चिन्हरहित चलात (त्यात ० ते २^३२ − १ एवढेच मावते) ही संख्या ठेवली तर तिथे १ उरतो. ६४ बिटांतला सापळा जास्त छुपा आहे. फ५ ने भागून उरणाऱ्या बाक्यांचे वर्ग त्यात मावतात, अपवाद फक्त २^३२ चा (म्हणजे −१ चा): त्याचा वर्ग २^६४, तो १ यायच्या ऐवजी ० येतो. वर्ग करण्यापूर्वी ही एक किंमत वेगळी तपासावी लागते.

भूमिती

फ० ते फ४ यांचा गुणाकार फ५ − २, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ येतो. एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने तत्त्वतः काढता येतो; विषम बाजूंच्या ज्ञात रचनांत तो सर्वांत मोठा. फ५ बाजूंचा मात्र काढता येत नाही: विषम बाजूंसाठी बाजूंच्या संख्येचे मूळ अवयव वेगवेगळ्या फर्मा संख्या असावे लागतात, आणि फ५ च्या दोन अवयवांपैकी एकही फर्मा संख्या नाही.