डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली

जुन्या मोटारीचे इंजिन झटके देऊ लागले, चढावर दम सोडू लागले किंवा तापल्यावर बंद पडून अर्ध्या तासाने मुकाट्याने पुन्हा सुरू होऊ लागले, की पहिला संशय कार्ब्युरेटरवर जातो आणि बिचाऱ्याचे जेट विनाकारण उघडले जातात. दोष पुष्कळदा असतो तो इंजिनाच्या बगलेला बसवलेल्या वाटीसारख्या झाकणाखाली, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये. तो नेमका कुठे आहे हे न शोधता थेट इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसवला, तर गाडी काही दिवस बरी वाटते आणि मग तेच दुखणे पुन्हा डोके वर काढते. याचे कारण असे की डिस्ट्रिब्युटर एकाच वेळी तीन कामे करतो: कॉइलमधला (बॅटरीचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवणाऱ्या वेटोळ्यातला) प्रवाह तोडतो, तो कोणत्या क्षणी तोडायचा हे ठरवतो, आणि त्यातून निर्माण झालेला उच्च विद्युतदाब ज्या सिलिंडरची पाळी आहे त्याच्या प्लगकडे धाडतो. इलेक्ट्रॉनिक संच यांपैकी फक्त पहिले काम आपल्याकडे घेतो.

ही रचना चार्ल्स केटरिंग यांच्या नावाने ओळखली जाते. १९१२च्या कॅडिलॅक मोटारींत ती इलेक्ट्रिक स्टार्टरच्या जोडीने आली आणि पुढे सुमारे साठ वर्षे तिच्या गाभ्यात फारसा बदल झाला नाही. कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात, जाड तारेचे काहीशे वेढ्यांचे आणि केसासारख्या बारीक तारेचे वीस हजारांच्या आसपास वेढ्यांचे. पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारी-तोडणारी धातूची दोन तोंडे, मिटलेले असताना जाड वेटोळ्यातून साधारण ४ अँपिअर प्रवाह वाहतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठते. डिस्ट्रिब्युटरच्या फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यांनी, म्हणजे कॅमने, पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो. मात्र प्रवाह सहजासहजी तुटत नाही, उघडणाऱ्या पॉइंटमधून ठिणगीच्या रूपाने तो वाहतच राहू पाहतो. त्याला त्या क्षणी दुसरी वाट देण्यासाठी पॉइंटला समांतर, सुमारे ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडलेला असतो. कंडेन्सर गेला की पॉइंटमध्ये ठळक निळी ठिणगी दिसते आणि प्लगवरची ठिणगी मात्र पिवळट, मरगळलेली होते. जी ऊर्जा सिलिंडरमध्ये जायची ती पॉइंट जाळण्यात खर्च होत असते.

या सगळ्याला वेळ किती मिळतो, हे पाहण्यासारखे आहे. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला १० मिलिसेकंद येतात आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश काळ पॉइंट मिटलेले असतात. कॉइलमधला प्रवाह एकदम पूर्ण होत नाही, तो चढत जातो. वेग दुप्पट झाला की चढायला निम्माच वेळ मिळतो आणि ठिणगीतली ऊर्जा घटते. पॉइंटमधले अंतर गरजेपेक्षा जास्त ठेवले तर मिटलेला काळ आणखी आखडतो, म्हणून असे इंजिन संथ चालीत ठीक आणि वेगात मात्र मिसिंग करणारे, म्हणजे मधूनच ठिणगी चुकवणारे, असते.

हे अंतर बऱ्याच गाड्यांमध्ये ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. फिलर गेज, म्हणजे अंतर मोजायची ठरावीक जाडीची पट्टी, लावताना एक फसगत होते. वापरलेल्या पॉइंटच्या एका तोंडावर धातूचा बारीक उंचवटा आणि दुसऱ्यावर तेवढाच खड्डा तयार झालेला असतो. गेजची सपाट पट्टी त्या उंचवट्यावर टेकते, खड्ड्यात शिरत नाही, आणि खरे अंतर वाटते त्याहून मोठे असते. म्हणून जुन्या पॉइंटसाठी ड्वेल मीटर अधिक भरवशाचा, कारण तो अंतराऐवजी पॉइंट किती अंश मिटलेले राहतात तेच मोजतो. हा कोन एक अंशाने बदलला तर क्रँकशाफ्टवरचे टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्षणही, जवळजवळ एक अंशाने सरकते. तेव्हा आधी अंतर आणि नंतर टायमिंग, हा क्रम उलटवून चालत नाही. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजते तसे अंतर आपोआप कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते; कॅमवर ग्रीसचा मुगाएवढा ठिपका न लावल्यास ही झीज झपाट्याने होते.

दोष शोधताना मी आधी पॉइंट मिटवून त्यांच्या दोन टोकांमधला दाब मोजतो. तो शून्याच्या जवळ हवा; तिथेच अर्धा-एक व्होल्ट अडकत असेल तर पॉइंट तरी काळवंडलेले आहेत किंवा अर्थिंग तरी कच्चे आहे. पॉइंटची पट्टी ज्या तबकडीवर बसते ती ठिणगीचा क्षण पुढेमागे करण्यासाठी इंजिनाच्या शोषणातून येणाऱ्या व्हॅक्यूमच्या ओढीने सतत मागेपुढे फिरते, त्यामुळे तिच्या अर्थिंगसाठी लवचीक, विणलेली बारीक तार दिलेली असते. एका गाडीने मला तीन रविवार छळले. उभी असताना ती सुरळीत चालायची आणि ॲक्सिलरेटर हलका धरला की धक्के द्यायची. शेवटी तबकडी बोटाने फिरवून पाहिली तेव्हा कळले की त्या तारेचे धागे वेष्टनाच्या आत तुटले होते आणि तबकडी एका विशिष्ट कोनात गेली की उरलेले दोन-चार धागेही सुटत होते.

झाकण आणि रोटर, म्हणजे त्याखाली फिरत ठिणगी पाळीच्या प्लगकडे वळवणारा तुकडा, उजेडात धरून पाहावेत. झाकणाच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट असते, आणि विजेला प्लगमधली फट ओलांडण्यापेक्षा ती सोपी वाटते. रोटरचे दुखणे डोळ्यांना सहसा दिसत नाही. त्यासाठी कॉइलची मधली वायर झाकणातून काढून तिचे टोक इन्सुलेटेड पक्कडीने रोटरच्या पितळी पट्टीपासून काही मिलिमीटरवर धरावे आणि पॉइंट उघडावेत. ठिणगीने रोटरवर उडी घेतली तर तो आतून दांड्याकडे गळतो आहे असे समजावे. उघड्या हवेत प्लगवर दिसलेल्या ठिणगीवर मात्र फार विसंबू नये, कारण दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी पाडायला कितीतरी अधिक व्होल्टेज लागते.

दुसऱ्या कामाकडे, म्हणजे टायमिंगकडे, सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मिश्रण जळायला सुमारे २ मिलिसेकंद लागतात असे धरले, तर ८०० फेऱ्यांच्या संथ चालीत तेवढ्या वेळात क्रँक जेमतेम १० अंश फिरतो, पण ४००० फेऱ्यांवर ४८ अंश. वेगाबरोबर सिलिंडरमधली खळबळ वाढते आणि ज्वालाही लवकर पसरते, त्यामुळे एवढी आघाडी द्यावी लागत नाही. तरीही वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडायला हवीच. हे काम तबकडीखालची दोन वजने आणि दोन स्प्रिंगा करतात. रोटर हाताने फिरण्याच्या दिशेने पिळून सोडला की तो चटकन मागे यायला हवा. अडकला किंवा सुस्तावला तर आत गंज किंवा वाळलेले तेल आहे. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढल्यावर तबकडी हलली पाहिजे आणि नळीचे तोंड जिभेने बंद केल्यावर तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर नळीच्या टोकाच्या डबीतला, तबकडी ओढणारा पडदा फाटलेला आहे.

एवढे तपासून झाल्यावर इलेक्ट्रॉनिक संच बसवण्यात अर्थ आहे. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या, चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवाहाच्या आडव्या दिशेने दाब निर्माण होण्याच्या परिणामावर चालणारा संवेदक दांड्यावरच्या चुंबकांची चाहूल घेतो आणि संचाच्या मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. घासणारी टाच नाही, जळणारी तोंडे नाहीत, आणि दांडा ज्यात फिरतो ते बुश थोडे झिजले असले तरी ठिणगीचा क्षण पूर्वीइतका भरकटत नाही. ही कल्पना नवी नाही, क्रायस्लरने १९७३ पासून आपल्या अमेरिकी मोटारींत इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिले होते. परंतु गंजलेली वजने, फाटलेला पडदा आणि चरे पडलेले झाकण जसेच्या तसे राहते.

जोडणीतही काही खाचखळगे आहेत. कॉइलचा रोध मॉड्यूलला झेपेल असाच हवा. ज्या गाडीत बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह मर्यादेत ठेवणारा रोध) आहे तिथे मॉड्यूलचा पुरवठा सहसा त्या रेझिस्टरच्या आधीच्या, पूर्ण १२ व्होल्टच्या टोकावरून घ्यावा लागतो, नाहीतर स्टार्टर फिरताना बॅटरी खचते आणि मॉड्यूल झोपी जाते. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, तिथे ऋण अर्थिंगसाठी बनवलेले मॉड्यूल पहिल्याच जोडणीत प्राणास मुकू शकते. साध्या तांब्याच्या प्लग वायरी असतील तर त्या बदलून रोध असलेल्या घालाव्यात, त्यांच्यातून फेकला जाणारा विद्युत गोंगाट संवेदकाला चकवतो.

पॉइंट बहुतेक वेळा कुरकुर करत, आठवडाभर आधी सूचना देत बिघडतात. मॉड्यूल बहुधा एका क्षणात जाते आणि रस्त्याकडेला त्याची दुरुस्ती होत नाही. म्हणून काढलेली तबकडी मी अंतर लावून, कंडेन्सर आणि फिलर गेजसकट, एका पत्र्याच्या डबीत घालून डिकीतच ठेवतो.