घोरणाऱ्या ड्रायव्हरला गाडी द्यावी का?

चाकण एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांच्या गेटवर माल भरायला आलेल्या ट्रकची तपासणी हल्ली पासिंग, पीयूसी आणि टायरवर थांबत नाही. दारू तपासायला ड्रायव्हरला मशीनमध्ये फुंकायला लावतात, पायात सेफ्टी शूज आहेत का बघतात, अधूनमधून आरोग्य शिबिरात उभं करतात. बीपी वाढलेलं, साखर वाढलेली, एका डोळ्यानं खालची ओळ वाचता येत नाही; यातलं काही निघालं की ट्रान्सपोर्टवाल्याला फोन जातो आणि माणूस गाडीवरून उतरतो. बऱ्याचदा हे कागदोपत्री निलंबनसुद्धा नसतं. फेरी बंद, भत्ता बंद, एवढंच. गाडीचा हप्ता काही थांबत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर दुसरा कुणीतरी असतो.

नियम नकोत असं कुणी म्हणणार नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडच्या अपघाती उतारावरून येणारा भरलेला ट्रक ज्यानं आरशात मागे पाहिला आहे, तो तर नाहीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या 16 व्या कलमानुसार आजार किंवा अपंगत्वामुळे गाडी चालवणं धोक्याचं ठरत असेल, तर लायसन्स रद्दही करता येतं. प्रश्न वेगळा आहे. ज्या गोष्टींनी ड्रायव्हरचा ताबा खरोखर सुटतो, त्या या तपासणीत सापडतात का?

ट्रकच्या लायसन्ससाठी डॉक्टरांकडून ‘फॉर्म 1-ए’ भरून आणावा लागतो. लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, भरपूर उजेडात 25 मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, असे त्यातले प्रश्न. सगळे योग्यच. पण ‘तुम्ही रात्री घोरता का’ हे तिथं कुणी विचारत नाही, आणि मला विचाराल तर तो प्रश्न सगळ्यात वर हवा.

झोपेचं गणित आधी पाहू. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जितका वेळ जागे, तितकं ते जास्त आणि तितकी झापड जास्त. चहातलं कॅफिन ॲडेनोसिनच्या जागा काही तास अडवून धरतं, म्हणून तरतरी वाटते. साठलेलं ॲडेनोसिन मात्र तसंच राहतं, ते झोपेतच उतरतं. त्यात शरीराचं घड्याळ पहाटे दोन ते पाचच्या सुमाराला सगळ्यात मंद चालतं, आणि माल सकाळी गेटवर लावायचा म्हणून ट्रक नेमका त्याच वेळी रस्त्यावर असतो. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक साधी तुलना छापली. सलग 17 तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्याचा मेळ रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतका बिघडतो. 24 तास जागल्यावर तो 0.10 टक्क्यांच्या घरात जातो. आपल्याकडे कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. थोडक्यात, रात्रभर जागून आलेला निर्व्यसनी ड्रायव्हर फुंकून पास होतो आणि तरीही त्याची प्रतिक्रिया प्यायलेल्या माणसासारखी असू शकते.

‘झोप आली तर गाडी बाजूला घे’ हा सल्ला सगळे देतात. त्यातली अडचण 2003 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका प्रयोगात दिसली. दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची एकाग्रता जवळजवळ दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली होती. पण ‘किती झोप येतेय’ असं विचारलं, तर ते म्हणत, थोडीशीच. ड्रायव्हर ‘मला काही होत नाही साहेब’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. स्वतःच्या थकव्याचं मोजमाप करणारा भागही मेंदूतच असतो आणि तोही पेंगुळलेला असतो. डुलकी लागते ती दोन-चार सेकंदांची, कधी कधी तर डोळे उघडे ठेवून. ताशी 80 किलोमीटरच्या वेगात चार सेकंदांत ट्रक जवळपास 90 मीटर पुढे गेलेला असतो.

आता घोरण्याकडे येऊ. गाढ झोपेत जिभेचे आणि घशाचे स्नायू सैल पडतात. मान जाड असेल, जबडा आत असेल किंवा घशाभोवती चरबी असेल, तर श्वासाची वाट आधी अरुंद होते (हेच घोरणं) आणि मग पूर्ण मिटते. छाती वर-खाली होत राहते, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, मोठा घुसमटल्यासारखा आवाज येतो आणि श्वास सुरू होतो. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. किमान दहा सेकंदांचे असे अडथळे तासाला 30 हून जास्त झाले, तर डॉक्टर त्याला तीव्र स्लीप ॲप्निया म्हणतात. दर दोन मिनिटांनी कुणी खांदा हलवून उठवावं, तशी रात्र. आठ तास झोपूनही हा माणूस सकाळी थकलेलाच उठतो. त्याचं बीपीही बऱ्याचदा औषधाला दाद देत नाही, कारण प्रत्येक झटक्याला शरीर घाबरल्यासारखं रक्तदाब चढवतं. शिबिरात पकडलेल्या वाढलेल्या बीपीचं मूळ कधी कधी इथं असतं.

दिवसभर बसून काम, ढाब्यावरचं अवेळी जेवण आणि सुटलेलं पोट यांमुळे हा आजार या धंद्यात जास्त आढळावा, यात नवल नाही. पहिली चाळणी तर मेजरिंग टेपनं होते. मानेचा घेर 40 सेंटिमीटरहून जास्त, वर बीपी, वर घोरणं, असा माणूस झोपेच्या तपासणीला पाठवायला हवा. घोरण्याची साक्ष बायको देते, नाहीतर शेजारी झोपणारा क्लीनर.

उपचारही अवघड नाही. 1981 मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हलक्या दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ती दाखवली. चपटा झालेला बागेचा पाइप पाणी सोडल्यावर जसा फुगतो, तसंच. तेच आजचं सीपॅप मशीन. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रक कंपनीतल्या ड्रायव्हरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदान होऊनही ज्यांनी उपचार अजिबात पाळले नाहीत, त्यांच्या टाळता येण्याजोग्या गंभीर अपघातांचं प्रमाण इतरांच्या पाचपट होतं. मशीन नियमित लावणाऱ्यांचा धोका निरोगी ड्रायव्हरांच्या जवळपास होता.

साखरेचं प्रकरण थोडं उलटं आहे. शिबिरात वाढलेल्या साखरेवर बोट ठेवतात, पण चालत्या गाडीत तातडीचा धोका असतो उतरलेल्या साखरेचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली, अनलोडिंगच्या रांगेत दुपारचं जेवण राहिलं, की साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, मग डोकं चालेनासं होतं. ब्रिटनमध्ये इन्सुलिनवाल्या ड्रायव्हरांवरची सरसकट बंदी 2011 मध्ये उठली, अमेरिकेत 2018 मध्ये. बंदीच्या जागी साखरेच्या नोंदी आणि डॉक्टरांचं नियमित प्रमाणपत्र आलं.

तपासणीचा धाक असला की माणसं आजार लपवतात. ग्लासगो शहरात 22 डिसेंबर 2014 ला कचऱ्याच्या ट्रकचा ड्रायव्हर चालत्या गाडीत बेशुद्ध पडला आणि फुटपाथवरची सहा माणसं गेली. चौकशीत निघालं की 2010 मध्ये उभ्या बसच्या स्टिअरिंगवर असतानाही त्याची शुद्ध हरपली होती, आणि पुढच्या अर्जांत ते त्यानं सांगितलं नव्हतं. आपल्याकडचा ड्रायव्हर तरी वेगळं काय करेल? शिबिराच्या आदल्या दिवशी बीपीची गोळी दुप्पट घेणं, पुढच्या महिन्यात आजारपणाची चौकशी न करणारा मालक शोधणं, हे सोपं असतं.

रेल्वेत हे निराळं चालतं. दौंडचा लोको पायलट मेडिकलमध्ये नापास झाला, तर इंजिनावरून खाली येतो पण नोकरीत राहतो. त्याला दुसरी जागा देतात, पगाराला संरक्षण असतं. म्हणून दिसायला कमी झालं तर ते सांगणं त्याला परवडतं. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमधल्या ड्रायव्हरला ते परवडत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही आठवड्यांचं काम, बीपी आटोक्यात यायलाही साधारण तेवढेच दिवस, आणि झोपेची तपासणी तर आता घरी बोटाला सेन्सर लावूनही होते. तेवढ्या काळाचा अर्धा भत्ता आणि परत घेण्याची लेखी हमी मालकांनी दिली, तर तो शिबिराला स्वतःहून येईल, असं मला वाटतं. मशीन खरंच वापरलं का हा वाद उरत नाही. रोज किती तास चाललं याची नोंद सीपॅपमध्येच राहते. केबिनमध्ये झोपणाऱ्यासाठी ट्रकच्या 24 व्होल्टच्या बॅटरीवर मशीन चालवणारे ॲडॉप्टरही मिळतात.