पशुखाद्यातील जीएम (जनुकपरिवर्तित) घटक आणि वेष्टनावरील अपुरी माहिती : पार्श्वभूमी

गोव्यात कापूस पिकत नाही आणि सोयाबीनचे पीकही नाही. तरीही फोंडा, सत्तरी, सांगे या भागांतील गोठ्यांत सरकी पेंड पोहोचते, आणि राज्यात खपणाऱ्या दूध, अंडी व कोंबड्यांचा मोठा वाटा बेळगाव-कोल्हापूरच्या बाजूने घाट उतरून येतो. त्या जनावरांनी काय खाल्ले, हे येथील ग्राहकाला पिशवीवरून कळत नाही.

पूर्वी येथील गुरे भाताचा पेंढा, कोंडा आणि खोबऱ्याची पेंड यांवर पोसली जात. संकरित गाई वाढल्या तशी बाहेरच्या तयार खाद्याची गरज वाढली. मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारक असा जिवाणूचा जनुक घातलेल्या जीएम कापसाला, परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच देशातील कापसाखालचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र त्याने व्यापले. परवानगीपूर्वी गाई, म्हशी, शेळ्यांवर आहारचाचण्या झाल्या होत्या, हे नमूद केले पाहिजे. मात्र चर्चा बोंडअळीची आणि उत्पन्नाची झाली. त्याच बोंडातील सरकीचे तेल माणसाच्या व पेंड गुरांच्या आहारात जाते, याकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. 2010 मध्ये बीटी वांगे रोखले गेले, तेव्हाही पेंड सुरूच होती.

2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने नियम ठरेपर्यंत जीएम अन्नावर बंदी घातली, पण याच कायद्यातील अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. 1 जानेवारी 2013 पासून जीएम अन्नाच्या वेष्टनावर ‘जीएम’ ही अक्षरे छापणे वजनमापांच्या नियमांनी बंधनकारक केले. 2018 मध्ये दिल्लीतील एका संस्थेने तपासलेल्या 65 खाद्यनमुन्यांपैकी 21 मध्ये जीएम अंश आढळले, त्यांत सरकीचे तेलही होते. बहुतेकांच्या वेष्टनावर तसा उल्लेख नव्हता. मार्च 2021 पासून 24 आयात पिकांसाठी जीएममुक्ततेचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले.

त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांत सर्वाधिक वादाचा निर्णय आला. 2021 च्या उन्हाळ्यात सोयापेंडीचे भाव भडकले, सोयाबीन काही बाजारांत क्विंटलमागे 10,000 रुपयांपर्यंत गेले आणि कुक्कुटपालकांनी आयातीची मागणी केली. ऑगस्टमध्ये केंद्राने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करण्यास मुभा दिली. दळलेल्या, तेल काढलेल्या पेंडीत जिवंत जनुकपरिवर्तित जीव उरत नाही, म्हणून पर्यावरणाच्या दृष्टीने हरकत नाही, असे कारण देण्यात आले. बियाणे शेतात रुजण्याच्या धोक्यापुरते हे कारण बरोबर आहे. परंतु ग्राहकाचा प्रश्न वेगळा होता. कोंबडीने काय खाल्ले आणि ते आम्हाला सांगितले जाईल का, याचे उत्तर त्या परवानगीत नव्हते. पर्यावरणाचे नियम जिवंत बीजापाशी थांबले, अन्नाचा कायदा पशुखाद्याच्या दाराशी थांबला, आणि लेबलाची जबाबदारी या दोन्हींच्या मधोमध निराधार राहिली. काढणीच्या तोंडावर भाव कोसळतील म्हणून सोयाबीन उत्पादकांनी विरोध केला. नवा माल बाजारात येताच भाव घसरलेही. मुदत आधी ऑक्टोबर 2021 अखेर होती, ती पुढे वाढवण्यात आली.

जीएम खाद्य खाल्लेल्या जनावराच्या दुधात किंवा मांसात तो परका जनुक वा त्याचे प्रथिन टिकत नाही, असेच बहुतेक अभ्यास सांगतात, आणि भीती पसरवताना हे लपवणे योग्य नाही. तरीही निवडीचा हक्क केवळ अंश सापडण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. युरोपीय संघात 2004 पासून जीएम पशुखाद्याच्या पोत्यावर उल्लेख सक्तीचा आहे, पण त्यावर पोसलेल्या जनावराच्या दुधावर तो लागत नाही. जर्मनीत मात्र जीएम खाद्याविना वाढवलेल्या जनावरांच्या उत्पादनांसाठी ऐच्छिक चिन्ह आहे. भारतात नोव्हेंबर 2021 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये आलेल्या अन्ननियमांच्या मसुद्यांत एक टक्का किंवा अधिक जीएम घटक असलेल्या अन्नावर लेबल सुचवले गेले. पशुखाद्याच्या साखळीला त्याने थेट उत्तर दिलेले नाही.

आता इथेनॉल कारखान्यांतून निघणारा, मक्यापासूनचा प्रथिनयुक्त चोथा, ज्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात, अमेरिकेशी झालेल्या व्यापार वाटाघाटींत चर्चेला आला आहे. तेथील मका बहुतांशी जीएम आहे आणि चोथ्यातही जिवंत बीज नसते, त्यामुळे 2021 चे कारण पुन्हा पुढे केले जाऊ शकते.