अकीक, दख्खन ट्रॅपमधील : ओळख व पारख

अकीक हा कॅल्सेडोनीचा, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकी क्वॉर्ट्‌झचा पट्टेदार प्रकार. कठिनता (मोस मापक्रमावर) ६·५–७, विशिष्ट गुरुत्व सु. २·६, पाटन (ठराविक सपाट पातळ्यांवर फुटणे) नाही, भंजन शंखाभ (शिंपल्यासारखे वक्र), चमक मेणासारखी. रंग करडा, पांढरा, निळसर किंवा तांबूस. महाराष्ट्रात तो दख्खन ट्रॅपच्या, म्हणजे थरावर थर साचून थिजलेल्या लाव्ह्याच्या, बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत आणि त्या खडकाची झीज झाल्यावर नद्यांच्या गोट्यांत सापडतो.

सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूंमुळे राहिलेल्या पोकळ्या पुढे सिलिकायुक्त द्रावणांनी भरल्या, याबद्दल फारसे दुमत नाही. वाद आहे तो पट्ट्यांविषयी. जेलीत क्षाराचे विसरण होऊ दिल्यास (तो हळूहळू पसरू दिल्यास) लयबद्ध कडी उमटतात, या प्रयोगाच्या आधारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आर. ई. लीझेगांग यांनी १९१५ मध्ये अकीकाचे पट्टेही सिलिकेच्या जेलीत असेच पडले असावेत, असे मांडले. द्रावणे पुनःपुन्हा येऊन पोकळीच्या भिंतीपासून आत एकेक थर बसत गेला, हे दुसरे मत. पोकळी भरून झालेल्या काही गाठींत भिंतीला समांतर पट्ट्यांच्या आत सपाट, आडवे थर दिसतात. ते गुरुत्वाने साचलेले असावेत. केवळ विसरणाने त्यांचा उलगडा होत नाही. त्यामुळे एकच प्रक्रिया सर्व नमुन्यांना लावण्यापेक्षा दोन्हींना वाव ठेवणे सयुक्तिक वाटते.

न फोडलेली गाठ दिसायला सामान्यच असते : खडबडीत, खाचखळग्यांची, कधी सेलॅडोनाइट या खनिजाच्या हिरवट लेपाची. तिच्या उघड्या कडेवर पोलादी चाकू ओढल्यास ओरखडा न उठता धातूचीच करडी रेघ उमटते. कॅल्साइट हे खनिज (कठिनता ३) मात्र चाकूने सहज कोरले जाते व विरल हायड्रोक्लोरिक अम्लात फसफसते. पुणे, नाशिक, जळगाव भागांतील खाणींतून निघणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट व ॲपोफिलाइट या खनिजांचे स्फटिक अकीकापेक्षा कितीतरी देखणे. पण ते मऊ (३·५–५) असून पाटनामुळे घासण्याच्या चाकावर फुटतात. त्यांची जागा संग्रहात.

घडणीसाठी कठिनतेपेक्षा अखंडपणा महत्त्वाचा. दगड भिजवून वाळू द्यावा : पृष्ठभाग सुकल्यावरही तडीत पाणी राहते आणि तेथे काळसर रेघ दिसते. पातळ कड उजेडासमोर धरली की पट्ट्यांची दाटी व आतील चिरा कळतात. नदीत घासून आलेले गोटे बरेचदा खाणीत सुरुंगाने निघालेल्या तुकड्यांपेक्षा भरवशाचे; कच्चे भाग वाटेतच गळून गेलेले असतात. मध्ये पोकळी व स्फटिक असलेली गाठ कापून चकत्या कराव्यात. भरीव, दाट पट्ट्यांची गाठ घुमटाकार खड्यांना योग्य. पैलू क्वचितच पाडतात. घासताना पाणी वापरणे आवश्यक आहे. अकीकाच्या घडणीसाठी प्रसिद्ध असलेल्या गुजरातेतील खंबायतच्या कारागिरांत सिलिकेच्या कोरड्या धुळीने सिलिकोसिस झाल्याचे वैद्यकीय पाहण्यांत आढळले आहे.

खंबायतला मुख्यतः गुजरातेतील रतनपूर परिसरातून कच्चा माल जाई. तापवल्यावर त्यातील जलयुक्त लोहसंयुगांचे हेमॅटाइट होऊन पिवळट दगड लाल होतो. पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात (बहुधा इ. स. पहिले शतक) पैठणहून भडोचला जाणाऱ्या मालात ‘ओनिखिने लिथिआ’ येते. काही भाषांतरकार तिचा अर्थ कार्नेलियन (तांबूस कॅल्सेडोनी) घेतात, काही ओनिक्स (सरळ पट्ट्यांचा अकीक). मूळ शब्द व गोदावरीखोऱ्यातील पट्टेदार दगड पाहता दुसरा अर्थ अधिक जवळचा. महाराष्ट्रात त्याआधीच्या, ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या इनामगाव, नेवासे या स्थळी कॅल्सेडोनीची हत्यारांची पाती मिळाली आहेत.